शिवलेली नाव

आमच्या घरासमोरून खालच्या रस्त्याला उतरणारी जांभ्याची पाखाडी एकेचाळीस पायऱ्यांची आहे. हा आकडा मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हता. लग्न होऊन रत्नागिरीत या घरी आले त्याला अडतीस वर्षे झाली. एवढ्या काळात दिवसातून दोनदा तरी या पायऱ्या चढले-उतरले असेन, कधी कडेवर मूल घेऊन, कधी हातात परसातल्या फुलांची परडी घेऊन, कधी वीज गेलेल्या रात्री नुसत्या पायांच्या भरवशावर, आणि त्या मोजाव्यात असे एकदाही मनात आले नाही. ज्याच्यावर पूर्ण विश्वास असतो ते कोणी मोजत बसत नाही. मोजणी सुरू होते ती विश्वासाला तडा गेल्यावर.

आषाढातली सकाळ होती. रात्रभर कोसळलेला पाऊस जरा दम घेत होता, पन्हळीतून पाणी अजून निथळत होते आणि चिऱ्यांवर शेवाळाचा तो कोवळा, पोपटी, डोळ्यांना सुख देणारा आणि पावलांना फसवणारा थर चढला होता. मधल्या वळणावर, जिथे फणसाची मुळे पायरीखाली शिरून तिला एका अंगाने उचलतात, तिथे माझे उजवे पाऊल आतल्या बाजूला वळले आणि देहाचा सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या कडेवर आला. ओला सुंभ ताणून तुटावा तसा एक बारीकसा आवाज झाला. तो कानांनी ऐकला की हाडांनी, हे मला आजही सांगता येणार नाही. वेदना त्यानंतर आली. त्या दोहोंच्या मधला जो क्षण होता, ज्यात काही दुखत नव्हते पण काहीतरी कायमचे बदलले आहे हे कळून चुकले होते, तो क्षण मला वेदनेपेक्षा स्पष्ट आठवतो.

मराठीने या दुखण्यांसाठी किती वेगवेगळी क्रियापदे राखून ठेवली आहेत! पाय मुरगळतो, कंबर लचकते, मान अवघडते, पाठीत उसण भरते, छातीत चमक येते, पोटरीत गोळा येतो, शीर चढते. यांतल्या एकाही वाक्यात करणारा कोणी नाही. ‘मी पाय मुरगळला’ असे आपण म्हणत नाही; ‘माझा पाय मुरगळला’ म्हणतो, जणू पायाने आपल्या मनानेच काही ठरवले आणि आपल्याला उशिरा कळवले. अंथरुणाला खिळलेल्या त्या पहिल्या आठवड्यात मला वाटत राहिले की ही भाषेची लकब नसून तिचे निरीक्षण आहे. धडधाकट असताना देह आणि आपण एकच असतो. दुखावल्यावर तो दुसरा होतो, आणि मग त्याची भाषा नव्याने शिकावी लागते.

कोकणातल्या घरात कोणी पडले की औषधाआधी माणसे येतात. कोणी आंबेहळद उगाळून आणली, कोणी तुरटी घालून लेप गरम केला, कोणी निर्गुडीचा पाला उकळायला ठेवला, कोणाला गडग्यावर चढलेली कांडवेल आठवली, जिला पूर्वजांनी हाडे सांधणारी म्हणून अस्थिशृंखला हे भारदस्त नाव दिले आहे. एका वडीलधाऱ्या बाईंनी पायाळू माणूस शोधा असेही सुचवले. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्या शब्दासरशी मी माहेरच्या ओटीवर जाऊन पोचले. उसण भरून पालथे पडलेले माझे आजोबा, आणि त्यांच्या कमरेवर गंभीर चेहऱ्याने आपले इवलेसे पाऊल तीनदा टेकवणारा, शेजारच्या घरातून मुद्दाम बोलावून आणलेला सात-आठ वर्षांचा मुलगा. आजोबा उठून बसले होते. खरोखर बरे वाटले म्हणून उठले की त्या मुलाचा विरस होऊ नये म्हणून, हे विचारायची बुद्धी तेव्हा नव्हती. पुढे कित्येक वर्षांनी हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेला सांध्यांवरचा ग्रंथ वाचताना मी एका जागी थबकले. पाठीचा कणा वाकलेल्या रुग्णाला पालथे झोपवून, दोन्हीकडून ताण देऊन, उंचवट्यावर हाताने दाब द्यावा, त्यावर बसावे किंवा पाय ठेवावा, असे त्या ग्रीक वैद्याने गांभीर्याने नोंदवले आहे. इजियन समुद्राकाठचा तो पाय आणि आमच्या ओटीवरचा तो पाय यांचा एकमेकांशी काही संबंध असण्याचे कारण नाही. तरी दुखऱ्या पाठीवर दुसऱ्या माणसाने आपले वजन टाकावे ही कल्पना मानवजातीला पुन:पुन्हा सुचत आली आहे, आणि जे पुन:पुन्हा सुचते त्यामागे देहाची काहीतरी खरी मागणी असते असे मी मानते.

मात्र प्रत्येक हात औषध असतोच असे नाही. त्याच संध्याकाळी मालिश करणारे एक गृहस्थ आले. शीर चढली आहे, उतरवतो, म्हणाले. तेल लावून अंगठ्याने घोटा असा काही रगडला की रात्रीतून पाऊल काळेनिळे होऊन दुप्पट सुजले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मार बसलेल्या जागी बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, आतल्या आत पाझर चालू असतो, आणि त्या घडीला रगडणे म्हणजे वाहती जखम पुसत बसणे. दुसऱ्या दिवशी इस्पितळात एक्स-रे निघाला. हाड शाबूत होते. बाहेरच्या बाजूचा लिगामेंट अर्धवट फाटला होता आणि पोटरीचे स्नायू ताणले गेले होते. पट्टा बांधून, पाय उशीवर उंच ठेवून मी पडून राहिले.

पट्टा या साध्या वस्तूविषयी मला तेव्हा पहिल्यांदा कुतूहल वाटले. सुश्रुताने भग्नचिकित्सेच्या अध्यायात बंधन किती दिवसांनी सोडून बांधावे हेसुद्धा ऋतूप्रमाणे सांगितले आहे: थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच, उन्हाळ्यात तीन. सैल बांधले तर सांधा स्थिर होत नाही, फार आवळले तर सूज येते आणि जागा पिकते, हा इशाराही तिथेच आहे. त्या सूक्ष्मतेपुढे आधुनिक काळातली एक गोष्ट ठेवावीशी वाटते. १९७८ साली गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा दुखापतींसाठी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चतु:सूत्री सांगितली, ती जगभर पाठ झाली. आणि २०१४ साली त्याच डॉक्टरांनी लिहिले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती या दोन्ही गोष्टी भरून येण्याची क्रिया लांबवू शकतात. आपल्याच नावाने चाललेले सूत्र छत्तीस वर्षांनी स्वत: दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. शास्त्राचा सांधाही असाच लवता असावा लागतो.

पाचव्या दिवशी मिरकरवाड्यातले एक वृद्ध तांडेल आले. यांत्रिक होड्या येण्याआधीपासून समुद्रावर गेलेले, आता हात थरथरतात म्हणून किनाऱ्यावर बसून असलेले. पण कोणाचा खांदा निखळला, मनगट लचकले तर वाडीतले लोक अजून त्यांना हाक मारतात. त्यांनी तेलाची बाटली आणली नव्हती. जमिनीवर मांडी घातली, माझी टाच आपल्या गुडघ्यावर घेतली आणि डोळे मिटून नुसत्या अंगठ्याच्या पेराने घोट्याभोवती फिरत राहिले, रात्रीच्या अंधारात माणूस ओळखीच्या घरात भिंत चाचपत फिरतो तसे. ती थरथर पायाला स्पर्श होताच थांबली होती. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, “हाड जाग्यावर हाय, बाय. शिवण उसवलीय.”

“मग बसवणार कशी, मामा?” मी विचारले.

“बसवायची नसते ती. सूज उतरू दे, मग हळूहळू पाय टेकवायला लाग. आपसूक धरते.” एवढे बोलून ते उठले, चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

शिवण उसवलीय. हे शब्द तीन-चार दिवस माझ्या मनात घोळत राहिले, आणि मग एका दुपारी मी कपाटातून सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान काढायला लावले, कारण हा शब्द मी आधी कुठेतरी वाचला आहे अशी खात्री वाटत होती. शब्द नव्हता; पण त्याचे चित्र होते. सुश्रुत शरीरात नऊशे स्नायू मोजतो. आज आपण ज्याला स्नायू म्हणतो तो हा नव्हे. आपल्या स्नायूंना तो पेशी म्हणतो आणि त्यांची संख्या पाचशे सांगतो. त्याचे स्नायू म्हणजे हाडाला हाड बांधणारे बंध, ज्यांना आपण आता लिगामेंट म्हणतो ते, आणि कंडराही. हातापायांत आणि सर्व सांध्यांत वेलीच्या तणाव्यांसारखे पसरलेले ते प्रतानवती, गोल ते वृत्त, रुंद ते पृथू, पोकळ ते सुषिर, असे त्यांचे चार प्रकार. आणि मग तो एक दृष्टान्त देतो: फळ्या जोडून, पुष्कळ बंधांनी बांधलेली नाव जशी पाण्यावर माणसांचा भार पेलते, तसे सांधे या स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणसाला भार पेलता येतो. हाड, पेशी, शिरा यांना इजा झाल्याने देहाचा जेवढा घात होतो त्याहून अधिक स्नायू दुखावल्याने होतो, असेही तो पुढे बजावतो.

मिरकरवाड्याच्या त्या तांडेलाने संहिता वाचलेली नव्हती. त्याने नावा पाहिल्या होत्या. सुश्रुतानेही त्याच पाहिल्या असणार.

शब्दांचा प्रवास मोठा विलक्षण असतो. संस्कृतातल्या स्नायूचे मूळ ज्या प्राचीन शब्दात आहे त्याच मुळापासून ग्रीकांचा न्यूरॉन आणि लॅटिनचा नर्व्हस निघाले. त्यांचाही मूळ अर्थ दोर, कंडरा, धनुष्याची प्रत्यंचा. पुढे युरोपात तो शब्द संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूला चिकटला, आपल्याकडे तो मांसपेशीला चिकटला, आणि ज्याचे ते खरे नाव होते तो बिचारा बंध दोन्हीकडे अनाम झाला; मराठीत त्याच्यासाठी अस्थिबंध हा कोशातला शब्द आहे खरा, पण रुग्ण आणि डॉक्टर दोघेही लिगामेंटच म्हणतात. जो दोन गोष्टींना धरून ठेवतो त्याचे स्वत:चे नाव हरवावे, हे माणसांच्या घरातही घडते. घर ज्यांनी बांधून धरलेले असते त्यांची आठवण ती माणसे गेल्यावर, खोल्या एकमेकींपासून सुट्या पडल्यावर होते.

आता माझ्या मनातला एक जुना गैरसमज सांगते, कारण या सगळ्या चिंतनाचा तोच खरा गाभा आहे. कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर कायम गडगा असतो. जांभ्याचे धोंडे एकमेकांवर रचून, माती-चुन्याशिवाय उभी केलेली ती कुंपणाची भिंत. गडग्याचा एखादा धोंडा सरकला की जाता-येता कोणीही तो पायाने किंवा हाताने आत रेटतो, आणि गडगा पुन्हा पहिल्यासारखा होतो. आपण आपल्या देहाकडे असेच पाहत आलो आहोत. कुठे दुखले की म्हणतो, हाड सरकले, मणका हलला, शीर जागची गेली; आणि कोणीतरी नेमका हात मारून ते जागी बसवावे अशी वाट पाहतो. खरोखर निखळलेल्या सांध्यांच्या बाबतीत हे खरेही आहे. सुश्रुताने संधिमुक्ताचे सहा प्रकार सांगून त्यांच्यासाठी ओढणे, दाबणे, जागी आणणे आणि बांधणे या क्रिया सांगितल्या आहेत. आपल्या तालमींतले वस्ताद कुस्तीत निखळलेला खांदा लाल मातीतच बसवत आले आहेत. पण बहुतेक दुखापती तशा नसतात. देह हा गडगा नाही. तो शिवलेली नाव आहे, आणि तिथे सरकत काही नाही, उसवते.

या गडग्याच्या कल्पनेवर एक अख्खी उपचारपद्धती उभी राहिली. १८९५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनिएल डेव्हिड पामर या चुंबक-उपचार करणाऱ्या गृहस्थाने हार्वे लिलार्ड नावाच्या, इमारतीची झाडलोट पाहणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात चालवला. लिलार्डला ऐकू येत नसे. मणका जागी बसवल्यावर त्याला ऐकू येऊ लागले असे पामरने सांगितले, आणि बहुतेक सर्व रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत, त्यामुळे दबलेल्या मज्जातंतूंत आहे असा सिद्धान्त मांडला. हाताने केलेले या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याने नाव घेतले कायरोप्रॅक्टिक. त्या सिद्धान्ताला पुराव्याचे बळ कधी मिळाले नाही. मणके तसे सरकत नाहीत आणि बहिरेपण पाठीतून जात नाही. पण सिद्धान्त चुकला तरी हात चुकतोच असे नाही. शल्यक्रियेसाठी युरोपात जो शब्द रूढ आहे त्याचाही मूळ ग्रीक अर्थ हाताचे काम हाच, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात आपल्या हाताला सर्व रोगांवरचे औषध म्हणणारी ऋचा आहे. पामरनंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच्या वारसदारांपैकी शहाण्यांनी जुना दावा बाजूला ठेवून कंबरदुखी, आखडलेले सांधे, ताणलेले स्नायू एवढ्यापुरते आपले काम आखून घेतले आहे.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती गणपतीनंतर, मुंबईला लेकीकडे गेले तेव्हा. सूज केव्हाच उतरली होती, पण घोटा कडक झाला होता. पाऊल पुढे वाकेना, म्हणून मी लंगडत होते, आणि लंगडण्याने डावी कंबर व पाठ धरली होती. एका सांध्याचे दुखणे दुसरा सांधा उचलतो, ही गोष्टसुद्धा नावेचीच. एक बंध सैलावला की त्याचा भार शेजारच्या बंधांवर पडतो. कायरोप्रॅक्टर बाई मध्यमवयीन, शांत बोलणाऱ्या. एक्स-रे पाहिला, कुठे मुंग्या येतात का, पायातले बळ कमी झाले आहे का हे तपासले, मग मला चालायला लावले आणि माझ्या पायांऐवजी कमरेकडे पाहत राहिल्या. शेवटी घोट्याच्या खोबणीतल्या हाडाला दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून त्यांनी एक अगदी छोटा, झटकन संपणारा ताण दिला. कट्‌ असा आवाज झाला. “हाड बसले का?” मी विचारले. त्या म्हणाल्या, “काकू, हाड हललेलेच नव्हते. हा आवाज सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होण्याचा आहे.” पुढे वाचनात आले की २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोटांचे सांधे ओढताना एमआरआयने हेच प्रत्यक्ष टिपले आहे: सांध्याची दोन टोके झटक्यात विलग होतात, आणि मधल्या द्रवात एक काळी पोकळी उमटते.

त्या क्षणी पाऊल बोटभर अधिक वाकले, हे मी खोटे सांगणार नाही. पण त्या बाईंनी जे पुढे सांगितले तेच खरे औषध होते. ही सैलावलेली अवस्था थोडा वेळ टिकेल, त्या अवधीत तुम्ही पाऊल वापरले पाहिजे. मी दार किलकिले केले आहे, आत तुम्हाला चालत जायचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मानेला हात लावायचा का असे त्यांनी विचारले तेव्हा मी नको म्हटले आणि त्यांनी ते लगेच मान्य केले. मानेच्या झटक्याने क्वचित मेंदूकडे जाणारी धमनी दुखावू शकते हे त्यांनी स्वत:हून सांगितले. आपल्या कलेची सीमा न विचारता सांगणारा माणूस दिसला की मला त्याच्या कलेवर विश्वास ठेवावासा वाटतो.

आणि मग उरला तो काळ. फाटलेला बंध भरून येतो तो एकाच धाग्याने नव्हे. पहिले काही दिवस दाह असतो, साफसफाई असते. त्यानंतरच्या साधारण सहा आठवड्यांत शरीर घाईघाईने बारीक, कमकुवत, वाट्टेल त्या दिशांना गेलेले कोलॅजेनचे धागे टाकते, उसवलेल्या कपड्याला प्रवासात कसेबसे टाके घालावेत तसे. मग महिनोन्‌महिने, वर्ष, कधी त्याहून अधिक, ते कच्चे टाके उसवून त्याजागी जाड, बळकट धागे घातले जातात, आणि हे धागे कोणत्या दिशेने आखायचे हे शरीराला पडणाऱ्या भारावरून कळते. ज्या बाजूने ताण येतो त्या बाजूने ते रांगेत लागतात. ताणच आला नाही तर त्यांना दिशा कळत नाही. तांडेलमामांचे ‘आपसूक धरते’ हे इतके नेमके होते. इतके करूनही नवा बंध जुन्याइतका पुरता होत नाही. देह दुरुस्ती करतो, पुनर्जन्म देत नाही. सुश्रुताने भग्न सांध्याला स्थिर व्हायला तारुण्यात एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन, असा हिशेब दिला आहे. मी माझा गुणाकार करून पाहिला आणि घाई सोडली.

आषाढात मी पडले तेव्हा मासेमारी बंद होती. जून आणि जुलैचे एकसष्ट दिवस होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यांवर झापांचे नाहीतर प्लास्टिकचे छप्पर असते, आणि जुन्या लाकडी होडीचा मालक पाऊस उघडला की फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकत, तेल पाजत बसलेला असतो. आता फायबरच्या होड्या वाढल्या आहेत, त्यांना सांधेच नाहीत. पण २०२५ च्या मे महिन्यात कारवारला आपल्या नौदलात कौंडिण्य नावाचे एक शिडाचे जहाज दाखल झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या नावेवरून कल्पिलेले, गोव्यात बांधलेले, ज्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. भोजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरूत समुद्रगामी नावेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत असे सांगितले आहे. कारण म्हणून चुंबकीय खडकांचे भय दिले आहे. ते कारण आज पटणार नाही, पण शिवलेली नाव लाटेला थोडी लवते आणि म्हणून वाळूवर आपटली तरी सहसा फुटत नाही, हा या किनाऱ्याचा अनुभव त्या नियमाच्या पोटात असावा असे मला वाटते. आणि काथ्या तरी कसा होतो? नारळाची सोडणे महिनोन्‌महिने खाडीच्या पाण्यात कुजत ठेवावी लागतात. जी दोरी खाऱ्या पाण्यात टिकायची तिला आधी त्या पाण्यात भिजत पडावे लागते.

मुंबईहून परतल्यावर मी रोज तिन्हीसांजेला, तुळशीपुढे दिवा लावून झाला की, ओटीच्या खांबाशी एका पायावर उभी राहू लागले. डाव्या पायावर सहज तीस अंक होत. उजव्यावर चार अंकांत पाऊल थरथरू लागे, आणि डोळे मिटले की दोनही होत नसत. या थरथरण्याचे मला आधी भय वाटे, मग त्याचा अर्थ कळला. आपले अवयव कुठे आहेत हे न पाहता जाणणारी जी अंतर्गत जाणीव आहे तिला १९०६ मध्ये शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञाने नाव दिले. आणि १९६५ मध्ये लंडनच्या मायकेल फ्रीमनने दाखवले की घोटा मुरगळल्यावर तो पुन:पुन्हा दगा देतो याचे कारण नुसता सैल बंध नसतो. बंधाबरोबर त्यातली जाणिवेची टोकेही तुटतात, आणि डुगडुगत्या फळीवर उभे राहण्याच्या सरावाने ती जाणीव पुष्कळशी परत मिळवता येते. म्हणजे माझ्या घोट्याला बळापेक्षा आठवण हवी होती. अडतीस वर्षे न मोजता उतरलेल्या पायऱ्या जिथे साठवल्या होत्या ती वहीच भिजली होती, आणि आता ती चार-चार अंकांनी पुन्हा लिहायची होती.

माघात जरा दूर चालवू लागले तेव्हा मुलाने सड्यावरची कातळशिल्पे पाहायला नेले. या जिल्ह्याच्या सड्यांवर काही हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी जांभा कोरून हत्ती, मासे, मोर, वाघ आखून ठेवले आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत एक आकृती पुन:पुन्हा येते: कमरेखालचे नुसते दोन पाय, गुडघ्यांत दुमडलेले, पावले बाहेर वळलेली. धड नाही, हात नाहीत, चेहरा नाही. अभ्यासक तिला सुफलतेचे चिन्ह म्हणतात, आणि तसे असेलही. मी त्या उन्हात, काठीवर भार देऊन, त्या पायांसमोर बराच वेळ उभी होते. आपला सगळा माणूस दाखवायचा तर कोणीतरी फक्त पाय कोरले, एवढेच मला त्या घडीला दिसत होते, आणि त्या अनोळखी कोरक्याच्या गुडघ्यांची, त्या कठीण दगडावर ओणवे बसून दुखावलेल्या त्याच्या पाठीची मला काळजी वाटत होती.

तुमचा पाय मुरगळला तर एवढे करा: दुखऱ्या पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे काढा. सूज असेपर्यंत कोणालाही रगडू देऊ नका. हात कोणाचाही घ्या, फिजिओथेरपिस्टचा, कायरोप्रॅक्टरचा, घरच्या जाणत्याचा. पण त्याचे शिक्षण कुठे झाले ते विचारा, आणि तो तपासण्याआधीच बसवायला निघाला तर उठून या.

यंदाच्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या पाखाडीने वर चढली. ढोल जवळ आला तशी मी ओटीचे ताट घेऊन निघाले, एकेचाळीस पायऱ्या उतरले, खालच्या वळणावर देवीची ओटी भरली आणि नाचवून दमलेल्या पोरांच्या मागून पुन्हा वर आले. फणसाच्या मुळाने उचललेल्या त्या पायरीवर उजवे पाऊल अजून अर्धा क्षण थांबते, मग टेकते.